नखाने सपाट केलेला कागद

पन्नाशी उलटेपर्यंत आन्नेग्रेट झाइफर्टला रस्त्यात कुणी ओळखलं नाही. बर्लिनची भिंत पडायच्या आधी तिने पूर्व जर्मनीत तीन सिनेमे केले. भिंतीबरोबर तेही गेले. मग एका दवाखान्याच्या मालिकेत नऊ वर्षं नर्स होऊन ती ‘डॉक्टर, तुमचा फोन’ एवढंच म्हणत राहिली. बाई गुणाची होती, पण गुणाला विचारतो कोण!

शेवटी विनोदी मालिकेतली कवडीचुंबक ट्राउडे तिच्या वाट्याला आली. तालमीत दिग्दर्शक वैतागला. “मजा येत नाहीये, बाई. काहीतरी खास द्या की!”

आन्नेग्रेटने मागचापुढचा विचार न करता आपल्या आईचीच नक्कल करून दाखवली. भेटीवरची चिकटपट्टी सुरीच्या टोकाने अलगद सोडवायची, कागद टेबलावर पसरून अंगठ्याच्या नखाने सुरकुत्या काढायच्या, घडी घालायची आणि म्हणायचं, “चांगलाय गं, अजून एका नाताळाला होईल.” सगळे पोट धरून हसले. पुढे सगळा देश हसला. तिला बक्षीसही मिळालं.

आई, एल्फ्रीडे, झ्विकाऊला राहायची. मोज्यांच्या कारखान्यात तीस वर्षं राबलेली. पहिला भाग बघायला तिने केक करून शेजारणींना बोलावलं होतं. नंतर फोनवर म्हणाली, “क्युर्शनरबाईंच्या तर डोळ्यांतून पाणी आलं हसून. छान करतेस हो.”

आईला काही कळलं नाही, अशी आन्नेग्रेटने स्वतःची समजूत घातली. मला विचाराल तर नकलेपेक्षा हा निर्लज्जपणा मोठा.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ती लोकरीची शाल घेऊन गेली. त्याच शेजारणी कॉफीला बसल्या होत्या. आईने पुडकं हातात घेतलं आणि सगळ्यांदेखत टराटरा फाडलं. तिला ते धड जमतही नव्हतं. एक तुकडा बोटाला चिकटला, तो तिने झटकला. बोळा करून टोपलीत टाकला आणि हात मांडीवर ठेवून बसली. आन्नेग्रेटने केकची बशी बाजूला सारली.

शेजारणी गेल्यावर तिने टोपलीतून तो बोळा काढला, टेबलावर पसरला आणि नखाने सुरकुत्या काढू लागली. शरमेने कान तापले होते.

आई कपबशा उचलत म्हणाली, “टाक गं तो. कुणी बघितलं तर हसतील.”