मब्रूकाच्या डोळ्यांतला सुरमा

सफाक्स शहरातल्या एका इस्पितळात वसीला एकोणीस वर्षं एमआरआयचं मशीन चालवते आहे. बायकांच्या अंगावरचं सोनं गोडीगुलाबीनं उतरवून घ्यावं तर तिनंच. बांगड्या, डूल, ओढणीच्या टाचण्या, गळ्यातला मासोळीचा तावीज. "हे उतरवलं तर सासू मलाच घराची पायरी उतरवेल," असं म्हणणाऱ्या नवरीलाही तिनं हसत हसत मशीनमध्ये झोपवलं होतं.

त्या वर्षी डॉक्टर शाकिर यांनी डोकेदुखीचा अभ्यास हाती घेतला. एकच इंजेक्शन एकीचं दुखणं पळवतं, दुसरीच्या दुखण्याच्या केसालाही धक्का लावत नाही, असं का? म्हणून आधी मेंदूचं चित्र, मग तीन महिने इंजेक्शनं, मग पुन्हा चित्र. दोन्ही चित्रं स्वच्छ आली की पुढचं वर्षभर इंजेक्शनं फुकट.

जबनियाना गावाहून आलेली मब्रूका पहिल्यांदा दिसली ती कपाळावर लिंबाच्या चकत्या ठेवून वर फडकं आवळलेली. उजव्या डोळ्यामागे नऊ वर्षं कळ. जैतुनाच्या बागेत शिडीवर चढली की झाड फिरतंय की डोकं, तेच कळत नसे.

तीन महिन्यांनी आली तेव्हा वसीलानं तिला ओळखलंच नाही. फडकं नव्हतं. डोळ्यांत ठसठशीत सुरमा.

"मावशी, लग्नाला निघालात की काय?"

"लग्नच समज! नऊ वर्षांनी या डोळ्याला हात लावता आला गं. काडी नुसती जवळ नेली तरी जीव जायचा. काल सुनेनं घरी कुटून दिला. कसा दिसतोय?"

डोळे पुसून घ्यावेत, असं भिंतीवरच्या कागदावर लिहिलेलं होतं. घरच्या सुरम्यात धातूचे कण असले की चित्र बिघडतं. वसीलानं कापसाचा बोळा उचललाही. मब्रूका आरशात बघत होती. वसीलानं बोळा परत ठेवला. एवढ्याशा रेघेनं काय होणार आहे?

चित्र आलं ते दोन्ही डोळ्यांमागे काळी भोकं घेऊन. उजवीकडचं तर नेमकं जिथं बघायचं होतं तिथंच. शेऱ्याच्या रकान्यात वसीलानं लिहिलं, 'रुग्ण हलली.' असा शेरा रोजच पडतो, त्याला कुणी काही विचारत नाही. पुन्हा बोलावतील, तेव्हा पुसून घेऊ, असं तिनं मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कॉफी पिता पिता शाकिर म्हणाले, "हलणाऱ्यांना परत बोलवायला नको, त्यांची इंजेक्शनंही बंद. रांग मोठी आहे."

तेव्हाच बोलायचं होतं. तोंडाशी आलेलं वसीलानं कॉफीबरोबर गिळलं. उद्या सांगू म्हणाली, आणि उद्या उद्या करता जैतून काढणीचे दिवस आले.

एका सकाळी मब्रूका दारात उभी. फडकं आवळलेलं, उजवा डोळा लाल, पापण्या कोऱ्या.

"पोरी, माफ कर हं. माझ्यामुळे तुझं काम वाया गेलं. हलले म्हणे मी. अगं, मी तर आवंढासुद्धा गिळला नव्हता!"

वसीलानं तिचा हात धरला आणि तडक शाकिरांच्या खोलीत नेलं. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. शाकिरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वसीला, त्याच दिवशी सांगायचं होतंस. डोळे पुसून पुन्हा झोपवायचं, वीस मिनिटांचं काम. आता अभ्यास संपला. इंजेक्शनं संपली. विचारून बघतो मी कुठं, पण यांना आशा लावू नकोस."

वसीला मब्रूकाच्या शिव्यांची वाट बघत राहिली. दोन दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे मी हलले नव्हते?" मब्रूकानं विचारलं.

"नाही, मावशी."

"मग बाहेर चल. माझा म्हातारा बसलाय बाकावर. चार महिने टोमणे मारतोय, दिवसभर भिंगरीसारखी फिरणारी बाई वीस मिनिटं गप पडेना म्हणून. त्याला सांग."

वसीला तिच्याबरोबर बाहेर गेली. गर्दीतच त्या म्हाताऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "काका, मावशी हलल्या नव्हत्या. चूक माझी. खोटं मी लिहिलं."

म्हातारा तिच्याकडे बघेचना. तो बायकोच्या कोऱ्या डोळ्यांकडे बघत होता. मग उठला, तिच्या मागे जाऊन फडक्याची सैल झालेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

"घट्ट झालं?"

"अजून," मब्रूका म्हणाली.