वेलदोड्याच्या डब्यावर मका

रियाधला उतरले तेव्हाच डोकं तापलं होतं. मी इथे आणि माझी बॅग दम्मामला! अंगावरच्या कपड्यांनिशी बुरैदाच्या गाडीत बसले. दोन्ही बाजूंना नुसती वाळू, आणि बुरैदा जवळ आल्यावर एकदम खजुराच्या बागा. डोळे निवावेत असं दृश्य होतं, पण मी बॅगेवरून धुमसत होते.

मला बोलावलं होतं इस्माईलभाईंनी. मूळचे राजापूरचे, तीस वर्षं इथे मसाल्याचे व्यापारी. मी पुण्यात भाषाशास्त्र शिकवते. ग्वाटेमाला-मेक्सिकोकडे तीसेक माया भाषा आजही बोलतात, पण त्यांची मूळ आई कुणी लिहून ठेवलेली नाही. लेकींचे शब्द शेजारी शेजारी मांडून चार हजार वर्षांपूर्वी आईचा शब्द कसा असेल, ते आम्ही ताडतो आणि त्यापुढे चांदणी (*) काढतो. चांदणी म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, आमचा अंदाज आहे. बावीस वर्षं मी हेच करतेय. इस्माईलभाईंनी माझं व्याख्यान इंटरनेटवर ऐकलं, शब्दांची यादी मागितली आणि मी बावळटासारखी पाठवली.

खजूर बाजाराशेजारच्या प्रदर्शनात त्यांचा गाळा होता. "या मॅडम! आधी गहवा घ्या, राग उतरंल." गहवा (वेलदोडा घातलेली फिकट अरबी कॉफी) झकास होता, सोबत लोण्यासारखा मऊ सुक्करी खजूर. पेला हलवून दाखवल्याशिवाय वाढणारा थांबत नाही, हे मला पाचव्या पेल्याला कळलं. इथली हेल (वेलदोडा) बरीचशी ग्वाटेमालाहून येते. म्हणूनच गाळ्यावर मातील्दे उभी होती. पंचविशीची, तिकडच्या निर्यातदाराची माल तपासनीस, केक्ची बोलणारी. केक्ची ही त्या लेकींपैकीच एक.

मग इस्माईलभाईंनी सोनेरी डबा पुढे केला. वर लिहिलेलं: 'इशिम. मायांच्या मूळ भाषेतला वेलदोडा.' खाली तज्ज्ञ म्हणून माझं नाव!

"इस्माईलभाई, इशिम म्हणजे मका!"

"असंल हो. वेलदोड्याचा शब्द तुमच्या यादीत सापडंना. हा ऐकायला बरा वाटला."

"सापडेल कसा? वेलदोडा आपला, मलबारचा! तिकडे जाऊन त्याला जेमतेम शंभर वर्षं झाली. आणि चांदणी कुठे गेली?"

"ती छापल्यावर डागासारखी दिसायला लागली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्माईलभाई एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण मातील्देला नक्षीचा झंपर घालून कॅमेऱ्यासमोर उभं करणार होते. तिने केक्चीत सांगायचं की आमचे पूर्वज वेलदोड्याला इशिम म्हणत. ती फिल्म तिच्या गावातही दाखवणार होते. नाही म्हणाली, तर निर्यातदार तिला पुन्हा कुठे पाठवणार नव्हता.

मला मोडकंतोडकं स्पॅनिश येतं. तिला बाजूला घेऊन डब्याचं, चांदणीचं सगळं सांगितलं आणि विचारलं. ती म्हणाली, "आम्ही वेलदोडा पिकवतो, विकतो. घरात कुणी तोंडात घालत नाही. खातो तो मका. बाबा बघतील आणि म्हणतील, पोरगी परक्यांसमोर मक्याला खोटं पाडून आली."

मी परत येऊन अख्ख्या गाळ्यासमोर आवाज चढवला. इस्माईलभाईंनी हात जोडले. "मॅडम, तुमचं नाव खोडतो. खलास! फिल्म होऊ द्या."

"माझं नाव गेलं चुलीत! तिचं काय?"

"मी बोलते," मातील्दे मला स्पॅनिशमध्ये म्हणाली. माझ्याकडे न बघता ती कॅमेऱ्यासमोर गेली आणि केक्चीत बोलायला लागली. दोन-तीन मिनिटं, ठामपणे. इस्माईलभाई खूश. "वा! काय म्हणाली, मॅडम?"

मला त्यातला इशिम तेवढा कळला. बाकी एक वाक्य नाही. शब्दकोशांतून मी तिच्या भाषेचे हजारभर शब्द वेचलेत, पण कुणाशी त्या भाषेत कधी बोलले नाही. "खरं बोलली," मी ठोकून दिलं.

नंतर मातील्देने सांगितलं. "मी म्हटलं, बाबा, ह्यांनी वेलदोड्यावर मका लिहिलाय. मी लिहिलेलं नाही, मी तसं म्हणणारही नाही." मी तिला शाबासकी द्यायला गेले, तर ती माझ्यावरच उखडली. "चांदणी गाळली म्हणून तुम्ही भांडलात. कुणी न ऐकलेला शब्द म्हणता त्याला. माझी आई तो रोज सकाळी म्हणते. तुम्ही कधी विचारायला आलात?"

मूळ रूप थोडं वेगळं होतं, चांदणी त्यासाठी असते, हे मी तिला समजावायला लागले. दोन वाक्यांनंतर मलाच माझी लाज वाटली.

परतीच्या विमानात डबे बनवणाऱ्याला, छापणाऱ्याला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. पुण्यात पोचल्यावर मातील्देचा निरोप आला. फिल्म गावात पोचली होती. सोबत तिच्या वडिलांचा आवाज होता. खाली तिने लिहिलं होतं, 'हे माझ्यासाठी नाही. यादीवाल्या बाईंना ऐकवा म्हणाले.'

मी तो आवाज सहा वेळा ऐकला. म्हातारा केक्चीत शांतपणे, थांबत थांबत बोलतो. चिडलाय की आभार मानतोय, मला सांगता येत नाही. मातील्देला अर्थ विचारला, तर तिचं एका ओळीचं उत्तर आलं: 'बाबा तुमच्याशी बोललेत, माझ्याशी नाही.'