सिंधूचा यंदाचा निकाल

मध्यंतराचे दिवे लागले आणि सिंधू म्हणाली, "वसू, घरी जाऊ या का गं?" मी तिच्याकडे बघतच राहिले. आमची मैत्री शाळेतली. इतक्या वर्षांत तिने एखादा सिनेमा अर्ध्यावर सोडल्याचं मला आठवत नव्हतं. रटाळातला रटाळ सिनेमाही ती शेवटपर्यंत बघायची. शेवटच्या पाट्या सरकून पडदा काळा झाला, सफाईवाले पॉपकॉर्न झाडायला आले, तरी ही खुर्चीतच. आणि आज आपण होऊन घरी जाऊ म्हणत होती. तिला दम लागत होता. पायऱ्या उतरताना कठड्याला धरून ती मध्येच थांबली, आणि मी हात पुढे केला तर म्हणाली, "धरू नकोस, लोक म्हणतील म्हातारी झाली." रिक्षात बसल्यावर मात्र तिचा चेहरा खुलला. "यंदाचं ठरलं बरं का. ती पिशवीवाली. तिच्यापुढे कुणी नाही." मग जरा थांबून, "पण पुढचं बघायचं राहिलं. मी बरी झाले की दोघी येऊ. तोवर पक्कं म्हणायचं नाही."

ती बरी झाली नाही. सिनेमाही थिएटरमधून उतरला. माघ संपता संपता एका सकाळी तिच्या सुनेचा, प्राजक्ताचा फोन आला. मी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाला कव्हर घालत बसले होते. "मावशी, आई गेल्या..." फोन ठेवल्यावर मी ते कव्हर पूर्ण घातलं. कडा दुमडल्या, कोपरे नीट बसवले. दुसरं काय करायचं ते सुचतच नव्हतं.

"यंदाचं ठरलं" म्हणजे काय, ते आता सांगायला हवं. पंचवटीतल्या एकाच शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. मी पुढे शिकले, ग्रंथपाल झाले, एकटी राहिले. सिंधूचं लग्न लवकर झालं. ती मखमलाबादला फुलशेतीवाल्या घरात गेली. आधी झेंडू, शेवंती, मग मुलगा हाताशी आल्यावर पॉलिहाऊस आणि त्यात गुलाब. पहाटे फुलं काढायची, जुड्या बांधायच्या, फूलबाजारात पाठवायच्या. या सगळ्यातून वेळ काढून ती सिनेमाला यायची आणि सोबत मला ओढायची. मला खरं तर पुस्तक वाचत घरी बसायला आवडायचं. पण सिंधूला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही.

टीव्हीवर सिनेमाचे पुरस्कार लागले की ती गजऱ्याची फुलं घेऊन समोर बसायची आणि एकेका नावाला नाक मुरडायची. "हे बघ, परत त्यालाच. रडला म्हणून दिलं. रडायला काय, कुणीही रडतं." असंच एकदा चिडून तिने जाहीर केलं, की आजपासून आपले पुरस्कार आपण देणार. पुरस्कार एकच. तोही हिरो-हिरॉइनला नाही. जो माणूस एखाद-दुसऱ्या प्रसंगापुरता येतो, ज्याला सिनेमात नावसुद्धा नसतं, अशा कुणाला तरी. तिचं वर्ष पाडव्याला सुरू होऊन पाडव्याला संपायचं. आदल्या दिवशी फुलांच्या मागणीने सगळं घर थकलेलं असायचं, आणि पाडव्याच्या दुपारी, श्रीखंड अंगावर आलेलं असताना, ती निकाल सांगायची. परीक्षक आम्ही दोघी, पण माझं मत विचारायची ते बहुधा खोडून काढण्यासाठीच.

नियम कडक होते. सिनेमा थिएटरातच पाहिलेला हवा, आणि शेवटपर्यंत. "माणूस शेवटी घसरतो," ती म्हणायची. "पहिल्या अर्ध्यात कुणीही चांगलं वागतं." एकदा एका नामवंत नटाने केलेल्या छोट्याशा भूमिकेसाठी मी हट्ट धरला होता. त्यात तो मोठी बॅग घेऊन घर सोडून जातो, दाराशी वळून बघतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं. सिंधू म्हणाली, "बॅग रिकामी होती गं, हाताला वजनच नव्हतं." मी म्हटलं, "पण त्याचे डोळे बघ ना!" तर म्हणाली, "डोळे भरलेले होते, बॅग रिकामी होती. नाही जमायचं." आम्ही फाटकापर्यंत भांडलो. अजूनही मला वाटतं, त्या वर्षी तिचं चुकलंच.

आणि जिंकणाऱ्याला द्यायचं काय? त्या माणसांपर्यंत आम्ही कुठून पोचणार? तर सिंधूने पॉलिहाऊसमधल्या बेडांना त्यांची नावं द्यायला सुरुवात केली. गुलाब लावतात ते लांबलचक गादीवाफे, त्यांना सगळे बेडच म्हणतात. प्रत्येकावर नंबराची पत्र्याची पाटी असते. पण सिंधूच्या घरी नंबर कुणी म्हणेना. ज्या बेडला नाव मिळालं, त्याचं ते कायमचं होऊन जायचं. एकदा मी गेले होते तेव्हा तिचे यजमान, भाऊसाहेब, फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होते, "अरे, टपालवाल्याला लय भुरी आली, आजच फवारा! अन् नवरीच्या मावशीचं ठिबक तुंबलंय, ते बघ." मी हसून हसून खाली बसले. भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, "हसता काय वसुधाताई? तुमच्याच मैत्रिणीचा कारभार. परवा व्यापाऱ्याला मी सांगितलं, सासूबाई तोडून झाल्या, टपालवाला उद्या पाठवतो. त्याने फोनच ठेवून दिला."

ही नावं कुठेच लिहिलेली नव्हती. माझा जन्म पुस्तकांना नंबर देण्यात गेला. मी म्हटलं, सिंधू, एक यादी तरी करू या. तर म्हणाली, "लिहून ठेवलं की माणूस विसरायला मोकळा होतो."

एका वर्षीची फजिती मात्र सांगितलीच पाहिजे. एका लग्नाच्या प्रसंगात सगळे नाचताहेत, आणि मागे कोपऱ्यात एक माणूस, खांद्यावर वायरीचं भेंडोळं, कंटाळून मान खाजवत उभा आहे. सिंधूने मला कोपराने ढोसलं. "बघ. सगळ्या वरातीत हा एकच खरा." पाडव्याला निकाल लागला, बेडला 'वायरवाला' नाव पडलं. पुढे प्राजक्ताने त्या दिग्दर्शकाची मुलाखत कुठेतरी पाहिली. त्यात तो हसत सांगत होता, की आमचा एक लाईटवाला चुकून चौकटीत आला आणि शेवटपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही! प्राजक्ता बिचारी भीत भीत म्हणाली, "आई, तो नट नव्हता हो..." सिंधू गप्प झाली. इतकी गप्प, की भाऊसाहेबांनी मला फोन करून बोलावलं. मी गेले तर ही वायरवाल्याच्या बेडाशी उभी, वाळकी पानं काढत. म्हणाली, "माझं चुकलं नाही. तो काम करत नव्हता, तर खरा दिसणारच की. पण मग त्याला बक्षीस द्यायचं का नाही, ते मला समजेना." पुष्कळ वेळ तिने विचार केला. शेवटी ठरवलं, की नाव राहू द्यायचं. "त्याला माहीत नव्हतं आपण बघतोय. तरी नीट उभा होता." पुढे त्या बेडवर लाल कोळी नावाची कीड पडली तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "वशिल्याने आलेल्याचं असंच होतं." त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

मी आता कादंबरी वाचते तेव्हाही दार उघडणाऱ्या नोकरापाशी, पत्र आणून देणाऱ्या मुलीपाशी थांबते. दोन ओळींत येऊन गेलेलं ते माणूस पुढच्या पानांत कुठे गेलं असेल, ते शोधत राहते. ही खोड तिची. वाचताना एखादं असं माणूस भेटलं की उजव्या बाजूला कोपर हलतं... आणि मग लक्षात येतं, की आता सांगायचं कुणाला. थिएटरात मी त्यानंतर गेलेले नाही. एकटीने तिकीट काढून बघेनही कदाचित. पण सिनेमा संपल्यावर रिक्षात भांडायला कुणी नसेल, तर तो पाहिला असं मला वाटेल का, कोण जाणे.

यंदाच्या पाडव्याला घरावर गुढी नव्हती. वर्षाच्या आतला सण, नुसता वरणभात करणार होते. मी जावं की नाही, या विचारात होते, तेवढ्यात भाऊसाहेबांचाच फोन आला. "वसुधाताई, या ना. एक बेड नवा लावलाय. त्याला अजून नाव नाही. माणसं पाच नंबर, पाच नंबर म्हणतात, ते कानाला बरं वाटत नाही." मी म्हटलं, "भाऊसाहेब, तिने नाव काढलं होतं, पण पक्कं केलं नव्हतं. सिनेमा अर्धाच पाहिला आम्ही." ते म्हणाले, "मग उरलेला बघू. या तुम्ही."

तो सिनेमा आता घरच्या टीव्हीवर दिसत होता. प्राजक्ताने लावला खरा, पण रिमोट हातात धरून म्हणाली, "थिएटरातच बघायचा नियम होता. आईंना नाही चालणार." "तिला नका सांगू," भाऊसाहेब सहज बोलून गेले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लाव," म्हणाले. "पहिल्यापासून लाव. मी कुठे बघितलीय ती बाई."

गोष्ट साधी होती. एक आई पिशवीत आपली औषधं भरून दुरावलेल्या मुलाला शोधायला खेड्यातून शहरात येते. बसस्थानकावर बाकावर तिच्या शेजारी एक अनोळखी बाई असते. "जरा पिशवी बघता का, पाणी घेऊन येते," म्हणून आई नळाकडे जाते, आणि तिथे गर्दीत तिला मुलगा दिसतो. ती तशीच त्याच्यामागे धावते. इकडे ती बाई बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेते. तिच्यावर पदर घालते. गाड्या येतात, जातात, ती मान उंचावून नळाकडे बघते... आणि मध्यंतर. "हीच ना?" भाऊसाहेबांनी विचारलं. मी मान हलवली. "पदर घातला बघा," ते हळूच म्हणाले. थिएटरात हेच सिंधू म्हणाली होती. "दुसऱ्याची पिशवी, पण मांडीवर घेतली गं. वर पदर घातला."

मग आम्ही तिघं उरलेला सिनेमा बघायला लागलो, आणि खरं सांगायचं तर सिनेमा बघतच नव्हतो. त्या बाईची वाट बघत होतो. मध्यंतरानंतर काही महिने उलटलेले होते. आई मुलाच्या घरी राहत होती, सुनेशी खटके, मग समेट, शेवटी सगळे मिळून गावी. परतताना तेच बसस्थानक लागलं तेव्हा भाऊसाहेब खुर्चीत पुढे सरकले. पण बाक दिसला नाही. गाडी सुटली, सिनेमा संपला. पाट्या सरकू लागल्या. आम्ही पडदा काळा होईपर्यंत बसून राहिलो.

"अन् ती बाई?" भाऊसाहेब म्हणाले.

"नाही आली," मी म्हटलं.

"अहो, पण पिशवीचं काय झालं?"

"विसरले असतील, दादा," प्राजक्ता सासऱ्यांना म्हणाली.

"असं कसं विसरतील? औषधं होती ना तिच्यात? आपण पाहिली भरताना." ते खरोखर रागावले होते. मग माझ्याकडे वळले. "हिचं आता काय करायचं, ताई? शेवटपर्यंत बघायचं असा नियम. शेवटी तर ही नाहीच."

दोघं माझ्याकडे बघत होते. निकाल मी कधी दिला नव्हता. माझं काम होतं हरकत घ्यायचं. सिंधूच्या जागी बसून तिच्यासारखं बोलायला मला येत नव्हतं, आणि ते बरंही दिसलं नसतं. मी डोळे मिटून पुन्हा तो बाक आठवला. नळाकडे वळलेली मान, पदराखालची पिशवी...

"भाऊसाहेब," मी म्हटलं, "तिला उठताना पाहिलं का आपण?"

त्यांनी विचार केला. "नाही."

"प्राजक्ता, तू?"

"नाही, मावशी."

"मग घसरली नाही ती," मी म्हटलं. "पक्कं."

भाऊसाहेब उठून पॉलिहाऊसकडे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आता मी गुरुवारी मखमलाबादला जाते. जुड्या बांधायला बसते. काटे टोचतात, पण वेळ बरा जातो. तोडणीला येणाऱ्या बायका सकाळीच विचारतात, आज काय घ्यायचं, आणि प्राजक्ता सांगते, "सासूबाई घ्या, मग टपालवाला. पिशवीवालीला हात लावू नका, लहान आहे अजून." परवा सुरगाण्याकडची एक नवी बाई कामावर आली होती. तिने सगळ्या बेडांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "पिशवीवाली कोण वं, बाई?"

मी सांगणार, तेवढ्यात फुलांची पाटी उचलता उचलता प्राजक्ताच म्हणाली, "बसलीय एक जण. कुणाची तरी पिशवी घेऊन."