व्हर्नाबाईंचं बारा बटणांचं कार्ड

आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठाला बेकर्स लँडिंग नावाचं गाव आहे. तिथले लोक त्याला शहर म्हणतात. म्हणोत बापडे. एक मोठा रस्ता, तीन चर्च, आगीच्या बंबाचं एक ठाणं आणि नदीला थोपवायला घातलेला लांबलचक बांध. सगळं बघायला एक सकाळ पुरते. पण या गावात एक गंमत आहे. कुठेही खणा, शिंपले निघतात, आणि शिंपल्यांना गोल गोल भोकं. वाटीने पुऱ्या कापून घेतल्या आणि मधली जाळी टाकून दिली, तसं.

त्या पुऱ्या म्हणजे बटणं. एके काळी हे गाव शर्टाच्या बटणांवर जगत होतं. पुरुष होड्या घेऊन नदीतून शिंपले काढायचे, कारखान्यात त्यातून चकत्या कापायच्या, घासायच्या, भोकं पाडायची. आणि झालेली बटणं घरोघर जायची, कारण ती कार्डावर शिवायचं काम बायकापोरींचं.

व्हर्नाबाई शुल्ट्झ त्या पोरींतल्या एक. जन्म वीस सालचा. सहाव्या वर्षी आईने हातात सुई दिली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं. एका कार्डावर बारा बटणं. आईचा नियम एकच: कार्ड पुरं झाल्याशिवाय पावाला जॅम लागणार नाही. जॅमचं बोट कार्डाला लागलं की कारखान्याचा माणूस ते परत करायचा. त्यामुळे व्हर्नाबाईंना लहानपण आठवलं, की आधी जॅमची बरणी आठवते आणि मग आई.

पुढे त्याच कारखान्यात बटणं निवडायला लागल्या. मग प्लॅस्टिकची बटणं आली, चेन आली, कारखान्याला कुलूप लागलं. व्हर्नाबाई शाळेत मुलांना जेवण वाढायला गेल्या. नवरा अर्ल नदीवर बोटींना वाट करून द्यायचे दरवाजे उघडायचा, तो अठ्ठ्याण्णव साली गेला. मुलगा अ‍ॅरिझोनात. तो दर रविवारी फोन करून "इकडे ये, इथे बर्फ पडत नाही" म्हणायचा. व्हर्नाबाई म्हणायच्या, "तिथे नदी पण नाही." विषय संपला.

जूनच्या तिसऱ्या शनिवारी गावात नदीची जत्रा भरते. बंबवाले बँड वाजवतात, चर्चच्या बायका सकाळपासून पॅनकेक काढतात, नदीत रबरी बदकांची शर्यत लागते. जुन्या बटण-कारखान्यात आता म्युझियम आहे. त्याच्या व्हरांड्यात एक खुर्ची मांडलेली असायची. अकरा वर्षं त्या खुर्चीत बसून व्हर्नाबाईंनी लोकांना कार्ड शिवून दाखवलं. हे काम येणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. बाकीच्या टेकडीवरच्या दफनभूमीत, रांगेने.

दोन हजार चारच्या एप्रिलमध्ये म्युझियम सांभाळणारा वॉल्टर घरी आला. हा शाळेतला इतिहासाचा मास्तर, निवृत्त झालेला. वीस वर्षं व्हर्नाबाईंच्या हातचं जेवलेला. येताना सफरचंदाचा गोड ‘पाय’ करून घेऊन आला, तेव्हाच व्हर्नाबाई सावध झाल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही हो. तुमच्या हातांचं म्हणत होतो. गेल्या वर्षी फार कापत होते. कमिटीला वाटतं, यंदा तुम्ही आराम करावा. आम्ही तुमचा मोठा फोटो करतोय. पुठ्ठ्यावर. अगदी तुमच्या उंचीचा!"

"म्हणजे माझ्या खुर्चीत पुठ्ठा बसणार?"

"बसणार नाही, उभा राहील," वॉल्टर म्हणाला. मास्तरच तो.

"मी जिवंत आहे, वॉल्टर."

"तसं नाही म्हणत मी. पण कार्ड तर पुरं झालं पाहिजे ना, व्हर्ना?"

ते मात्र खरं होतं. वॉल्टर गेल्यावर व्हर्नाबाईंनी कार्ड घेतलं, सुई घेतली. तिसऱ्या बटणाला दोरा निसटला, चौथ्याला सुई बोटात गेली. वॉल्टरचा सफरचंदाचा पाय तसाच टेबलावर राहिला. फोटोचं त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. पण दोरा कसा फिरतो, ते काही फोटो दाखवणार नाही. ते बोटांत होतं, आणि बोटं चालली होती. गावातल्या पोरींना शिकवून पाहिलं होतं. त्या गोड हसायच्या आणि पाच मिनिटांत घड्याळ बघायच्या.

शेजारच्या घरात शैलेंद्र आणि नीलांबरी राहायचे. दोघं गावातल्या एकुलत्या एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर. त्यांच्याकडे त्याच महिन्यात शैलेंद्रची आई आली पुण्याहून, सहा महिन्यांसाठी. रेखाकाकू. साडी, साडीवर मुलाचा स्वेटर, पायात मोजे आणि चपला. एका दुपारी काकू मागच्या पायरीवर बसून शर्टाला बटण लावत होत्या. व्हर्नाबाई टोमॅटोच्या वाफ्यात शिंपले वेचत होत्या, त्यांनी कुंपणावरून पाहिलं. काकूंनी दोरा मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढला, दाताने तोडला आणि न बघता सुईत घातला.

न बघता! व्हर्नाबाईंनी हातातली खुरपी टाकली.

घरात जाऊन कार्ड आणि बटणांचा डबा आणला आणि काकूंपुढे ठेवला. "बारा!" असं मोठ्याने सांगितलं, बोटांनी दाखवलं. भाषा येत नसली की माणसं बहिरीच असतात असं सगळ्या जगाला वाटतं. काकूंनी बटण उन्हात धरलं, नखाने खाजवलं, मान डोलावली आणि डबा पदराखाली घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कार्ड तयार. बारा बटणं एका ओळीत, काय सुरेख! व्हर्नाबाईंनी दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. कार्ड वाकलं, बटण जागचं हललं नाही. दाराच्या कडीत टोक अडकवून ओढलं, तशी कडी खुळखुळली. मग मात्र व्हर्नाबाईंना जे हसू फुटलं, ते कवळी हाताने धरायची वेळ आली.

काकूंना राग आला. "हसायला काय झालं? नीलांबरी, सांग गं यांना. बावीस वर्षं काज-बटण केलंय मी मोहन टेलरकडे. माझं एक बटण सुटून परत आलेलं नाही!"

नीलांबरीने सांगितलं. व्हर्नाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तिला सांग, उत्तम आहे. पण हे सुटायला हवं. दुकानातल्या बाईने टोक ओढलं की बारा बटणं वाटीत पडली पाहिजेत. दोरा एकच. मध्ये गाठ नाही. शेवटी एक सैल."

नीलांबरीने वळून सांगितलं, "अहो आई, सगळीकडे निरगाठ नको म्हणतात. शेवटी फक्त सुरगाठ."

काकूंनी कार्ड उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "असं होय! लेकीसारखं लग्न होईस्तो सांभाळायचं आणि मग सोडायचं. आधी सांगायला काय झालं होतं म्हातारीला?"

"काय म्हणाली?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"शिकते म्हणाल्या," नीलांबरी म्हणाली. सुना हुशार असतात.

मग रोज दुपारी दोघी व्हर्नाबाईंच्या टेबलाशी बसू लागल्या. व्हर्नाबाई आपला कापरा हात काकूंच्या हातावर ठेवायच्या आणि दोरा कुठून वळवायचा ते दाबून दाखवायच्या. काकूंची बोटं भराभर चालत, पण दुसऱ्या बटणाला अंगठा आपसूक वळायचा आणि गाठ मारून मोकळा व्हायचा. व्हर्नाबाई पेन्सिलीने टकटक करायच्या. "नो!"

"अहो, हात ऐकत नाही माझा. बावीस वर्षांची सवय आहे."

"नो, रेका!"

काकू येताना थालीपीठ आणायच्या. व्हर्नाबाई ते झाकून ठेवायच्या, वर जॅमची बरणी. कार्ड झाल्याशिवाय खायचं नाही. "माझ्या सासूने पण कधी असं छळलं नव्हतं," काकू म्हणायच्या आणि पुढचं बटण घ्यायच्या. शिवता शिवता व्हर्नाबाई बोलत राहायच्या. कुठल्या गल्लीत शिंपले उकळायचे आणि केवढा वास यायचा. त्र्याण्णवच्या पुरात म्युझियमच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं, तेव्हा अख्ख्या गावाने वाळूची पोती कशी रचली. अर्लने पहिल्यांदा हात धरला, तेव्हा आपल्या बोटांना सुयांचे किती घट्टे होते. काकूंना निम्मं कळायचं. पण "हो का!" त्या बरोबर जागी म्हणायच्या.

जूनपर्यंत दहातली चार कार्डं सुटायला लागली, सहा अडायची.

जत्रेच्या दिवशी व्हरांड्यात पुठ्ठ्याची व्हर्ना उभी होतीच, दात दाखवत. खऱ्या व्हर्नाबाई तिच्या शेजारी स्वतःची खुर्ची घेऊन आल्या आणि रेखाकाकूंसाठी दुसरी.

वॉल्टर हळूच म्हणाला, "व्हर्ना, कमिटीचं ठरलं होतं..."

"कमिटीला सांग, कार्ड पुरं होणार आहे."

लोक जमले. सुरुवात व्हर्नाबाईंनीच केली. दोन बटणं गेली. तिसऱ्याला हात एवढा कापायला लागला की सुई कार्डावर टकटक वाजली. समोरचे लोक भले, ते नदीकडे बघायला लागले. ते भलेपण व्हर्नाबाईंना सोसवेना. त्यांनी सुई काकूंच्या हातात दिली आणि काकूंच्या मनगटावर आपला हात ठेवला.

काकूंनी पदर खोचला. तिसरं, चौथं, पाचवं. बँड थांबला. एवढे डोळे आपल्या बोटांकडे बघतायत म्हणून काकूंच्या कपाळाला घाम आला. सातवं, आठवं, बारावं. शेवटी सुरगाठ. टाळ्या पडल्या.

"ओढ," व्हर्नाबाईंनी वॉल्टरला सांगितलं.

वॉल्टरने टोक ओढलं. टप, टप, टप, शेवटची पाच बटणं बशीत पडली. मग दोरा अडला. सातव्या बटणाला, भीतीपोटी, काकूंच्या अंगठ्याने आपलं जुनं काम करून टाकलं होतं.

कुणीतरी खुदकन हसलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. "मेला हा अंगठा!"

वॉल्टर पुठ्ठ्याच्या व्हर्नाकडे बघायला लागला. ते व्हर्नाबाईंनी पाहिलं.

"माझं पहिलं कार्ड आईने चुलीत टाकलं होतं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "हिची तरी पाच सुटली. अडीच महिन्यांत! आणि ही ऑक्टोबरात घरी जाणार आहे. मग? वॉल्टर, तू बस."

"मी? व्हर्ना, मला साधं बटण लावता येत नाही."

"म्हणूनच. तुझ्या अंगठ्याला वाईट सवय नाही. चाळीस वर्षं पोरांना या गावचा इतिहास सांगितलास. आता एक कार्ड शिव."

लोक हसले, पण मघासारखं नाही. काकू खुर्चीतून उठल्या आणि खुर्ची हाताने झाडली, पाहुण्याला झाडतात तशी.

वॉल्टर बसायला आला.

"आधी हात धुऊन ये," व्हर्नाबाई म्हणाल्या. "पॅनकेकचा पाक लागलाय."

रेखाकाकू ऑक्टोबरात पुण्याला गेल्या. जायच्या आधी व्हर्नाबाईंच्या हिवाळी कोटाची सगळी बटणं काढून पुन्हा लावून गेल्या, निरगाठीची. वॉल्टर दर बुधवारी येत राहिला. त्याची बोटं केळ्यासारखी, सुई त्यात हरवायची. बर्फ पडत होतं, नदीवर कडेकडेने पापुद्रा धरला होता, आणि टेबलाशी पेन्सिलीची टकटक चालू होती. पुठ्ठ्याच्या व्हर्नाला व्हर्नाबाईंनी वाफ्यात उभं केलं, सशांना भिववायला. ससे काही भ्याले नाहीत, पण पोस्टमन रोज तिला गुड मॉर्निंग म्हणायचा.

मार्चच्या एका बुधवारी वॉल्टरने बारावं बटण शिवलं आणि कार्ड पुढे सरकवलं. व्हर्नाबाईंनी टोक दोन्ही हातांनी धरलं. एवढं कापऱ्या हातांनाही जमतं. डोळे मिटले आणि ओढलं.

टप, टप, टप. त्या कानाने मोजत होत्या. बाराव्याला त्यांनी डोळे उघडले, उठल्या, फडताळातून पाव काढला आणि जॅमची बरणी वॉल्टरपुढे ठेवली.

"खा," म्हणाल्या.