अण्णांचा सायलेन्सर

अण्णांच्या आधी अण्णांचा आवाज घरी पोचायचा, आणि तो गळ्यातून नव्हे, गाडीच्या बुडाखालून निघायचा. औरादला त्यांच्या गल्लीआधी ओढ्यावरचा पूल लागतो. त्या पुलावर त्यांची जुनी पांढरी गाडी आली की इकडे कुत्री उठून बसत, दुकानातले हमाल पोत्यांवरून उतरत आणि स्वयंपाकघरात अक्का तवा चुलीवर ठेवत. अण्णा माझे मामा, अक्का मामी. पण सारं गाव म्हणतं म्हणून आम्हीही अण्णा-अक्काच म्हणायचो.

अण्णांचा तुरीच्या खरेदीचा धंदा. खेडोपाडी फिरून दुपारी कितीही वाजता जेवायला येणार, पण भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली पाहिजे. झाकून ठेवलेल्या भाकरीला ते ‘पुठ्ठा’ म्हणत. फोन करून कळवत जा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, “तिचे हात पिठात असतात. फोन काय कोपरानं उचलंल?” अक्कांचं माहेर कानडी मुलखातल्या निंबर्ग्याचं. महत्त्वाचं असेल ते त्या कन्नडमध्ये बोलत. पुलावर गाडी वाजली की नुसतं “बंतु” म्हणत, म्हणजे आली, आणि पीठ मळायला घेत.

पुढे सायलेन्सर गंजून त्याला भोक पडलं आणि आवाज हाताबाहेर गेला. समोरचे डॉक्टर एक दिवस हात जोडून आले. “अण्णा, पेशंटच्या छातीला नळी लावावी तर तुमची गाडीच ऐकू येते.” अण्णा मानी माणूस. तडक बिदरला गेले आणि तिथल्याच कोळार भागातल्या एका गॅरेजात होते त्यांतला सगळ्यात गप्प सायलेन्सर बसवून आले.

त्या दुपारी घरात अनर्थ झाला. हमाल घोरताना सापडले. ओसरीवर अक्का शेजारणींना अण्णांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवत होत्या. अण्णांनी दारात उभं राहून ती शेवटपर्यंत पाहिली. आणि ताटात पुठ्ठा आला.

“हे काय वाढायलीस?” अण्णांनी विचारलं.

“चोरावानी आलाव तर काय करू? वाजलं असतं तर टाकली असती,” अक्का म्हणाल्या.

अण्णा हट्टाला पेटले. निरनिराळे सायलेन्सर गाडीत टाकून त्यांनी गॅरेजच्या मिस्त्रीलाच घरी आणलं. अक्का चुलीपुढे, डॉक्टर आपल्या दारात कानाला नळी लावून, आणि मिस्त्री पुलावरून गाडी आणतोय, अशी परीक्षा सुरू झाली. पहिल्याला अक्का म्हणाल्या, “ह्यो ट्रॅक्टर हाय.” दुसऱ्याला, “ह्यो कालेजातल्या पोरांचा. ह्या वयात न्हाई शोभायचा.” तिसरा त्यांना ऐकूच आला नाही. शेवटी मिस्त्रीनं तो तिसरा उघडून आतलं आवाज दाबणारं भरण थोडं कमी केलं. यावेळी अक्कांनी “बंतु” म्हणून तवा ठेवला आणि समोरून डॉक्टरांनीही मान हलवली. मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला, “लोक मायलेज बघून सायलेन्सर घेतात, अण्णा. तुम्ही भाकरी बघून घ्यायलाव.”

“मायलेज खाता येतंय व्हय?” अण्णा म्हणाले आणि त्यालाही जेवायला बसवलं.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. गाडी माझ्याकडे आली. ती घेऊन अक्कांकडे पहिल्यांदा निघालो आणि पूल जवळ आला तसा माझा धीर सुटला. तो आवाज त्यांच्या कानावर पडला तर काय होईल? मी इंजिन बंद केलं आणि उतारावरून गाडी तशीच घरंगळत दारात आणली.

अक्का चुलीपुढे बसल्या होत्या. “कामून बंद करून आणलास?”

“तुम्हाला त्रास नको म्हणून.”

“त्रास तर हायच.” त्यांनी पिठाची परात पुढे ओढली. “जा, परत पुलावर जा. वाजवत ये. न्हाईतर पुठ्ठा खाशील.”

मी गेलो आणि वाजवत आलो. हमाल पोत्यांवरून उतरून उभे होते. आत अक्कांनी तवा ठेवला होता. नेहमीच्याच आवाजात, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, “बंतु.” भाकरी टम्म फुगलेली, तव्यावरून थेट ताटात पडली.