आमच्या आळीची नावं आणि साळवे

उशीर झाला लिहायला, माफ करा. उत्तम साळवे जाऊन आज तेरा दिवस झाले.

तो गेला, आणि माझी एक चूक आयुष्यभर स्वतःची समजून गेला.

सातवीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, शुद्धलेखन सांभाळून घ्या. ही पोस्ट तीनदा लिहिली, तीनदा पुसली. सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही. तरी आज लिहितोच.

साळवे मराठवाड्यातला. फॅक्टरीत क्लार्क. घणसोली गावात आमच्या भिंतीला लागून खोली होती त्याची, भाड्याची.

त्याचे वडील त्यांच्या गावात मतदानाला गेले की दारातच कोणीतरी सांगायचं, तुझं मत पडलंय, जा घरी.

म्हणून कुठलीही यादी दिसली की साळवे ती उभ्यानं, शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा.

ऐंशी साल जवळ आलं होतं. नवं शहर येणार म्हणून गावाच्या जमिनी जात होत्या.
माझ्या बापानं एका कागदावर अंगठा दिला आणि वर्षाच्या आत भाताचं शेत गेलं. पाठोपाठ बापही गेला.

त्यातच एक मास्तर मतदारयादीचे कागद घेऊन घरोघर फिरू लागले. नावं सांगा, खाली सही करा, नाहीतर अंगठा द्या.

मी त्यांच्या पुढे धावलो. आळीतल्या अकराही घरांत सांगितलं, "अंगठा देव नका. जमिनीचा कागद हाय."

मला तसं खरंच वाटत होतं. साळवेला विचारता आलं असतं, तो भिंतीपलीकडेच होता. नाही विचारलं.

अकरा दारं बंद झाली. मास्तर पुढच्या आळीत गेले.

मग यादी चावडीवर लागली. साळवे ड्युटीवरून येताना वाचून आला.

"नामदेव, अख्खी आळी नाही रे यादीत. कुणी काय सांगितलं लोकांना?"

"कोनाला ठाव," मी म्हणालो.

तिथेच खोटं बोललो. पुढे ते खोटं सांभाळतच राहिलो.

साळवेनं तालुक्याला जाऊन फॉर्म आणले, माणशी एक. मुदत थोडी होती. रोज संध्याकाळी एकेका घरी बसून तो फॉर्म वाचून दाखवायचा. सगळा. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेसुद्धा.

"यात जमीन हा शब्द आला तर थांबवा मला," म्हणायचा.

शेजारची बायजाकाकी कंटाळली. "झाला का तुजा कीर्तन? दे ती शाई. मना मासली साफ कराची हाय."

दहा घरं झाली. आमचं घर शेवटचं, दिवसही शेवटचा. त्याला फॉर्म द्यायला जायचं होतं, एसटी धरायची होती. माझा फॉर्म मी मुकाट्यानं सही करून दिला, कारण तोवर मला सगळं कळलं होतं.

साळवेनं आईपुढेही सगळा फॉर्म वाचला. आई म्हणाली, "नको रं बाला. घरातला एक अंगठा गेला, तेवरा बास झाला."

साळवेनं माझ्याकडे बघितलं.

"आये, मीच चुकीचं सांगितलं होतं," एवढंच म्हणायचं होतं. त्याच्यासमोर लाज वाटली. मी कौलांकडे बघत राहिलो.

आईचा फॉर्म तसाच ठेवून तो निघाला. एसटी मिळाली त्याला.

मतदानाच्या दिवशी आळीतल्या बायका निघाल्या, तशी आईनंही ठेवणीतलं लुगडं नेसलं. मन बदललं होतं तिचं. शाळेत रांगेत उभी राहिली.

अधिकाऱ्यानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं. "मावशी, नाव नाही तुमचं."

"हितंच तं रातो आमी," आई म्हणाली. "बायजाचा नाव हाय ना? त्याच्या खाली बघ."

त्यानं पुन्हा बघितलं. मग मागच्या बाईला पुढे बोलावलं.

येताना सगळ्या बायका शाईचं बोट एकमेकींना दाखवत होत्या. आईनं हात पदराखाली घेतला होता.

पुढची निवडणूक तिनं पाहिली नाही. कावीळ झाली.

"माझीच चूक, नामदेव," साळवे म्हणाला. "एसटी सुटेल म्हणून तुझ्या आईपुढे मी घाईनं वाचलं."

त्यानंतर प्रत्येक निवडणुकीला तो हे बोलायचा. ऐरोलीला फ्लॅटमध्ये गेला तरी मतदानाच्या सकाळी त्याचा फोन ठरलेला.

"मत दिलंस का? तुझ्या आईचं राहिलं बघ, माझ्यामुळे."

मी म्हणायचो, "सोड ना यार, जुनं झालं."

हल्ली यादी आली की मी आळीतल्या भाडेकरूंचीसुद्धा नावं बघतो, चष्मा पुसून पुसून. पोरं हसतात. काका, ऑनलाइन दिसतं. दिसू दे. मी दार वाजवून विचारतो, तुझं नाव आहे का, बायकोचं आहे का, आईचं?

पुण्यानुमोदनाला, त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, मी आलो होतो. माईक माझ्याकडे यायला लागला तेव्हा पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो.

सुजाता, साळवेच्या लेकी, तुला काल दोनदा फोन लावला. तू उचलायच्या आत मीच कापला.

एक टेन्शन जात नाही. बायजाकाकीच्या पोटात काही राहायचं नाही. तिनं सांगितलं असेल का त्याला, की दारं नाम्यानं बंद करायला लावली?

माहीत असूनही तो दरवेळी स्वतःवर घ्यायचा का, मी कधीतरी बोलेन म्हणून?

की खरंच शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की आपण घाई केली?

साळवे, तू घाई नव्हती केलीस. बाकीच्या दहा घरांत वाचलंस तसंच वाचलं होतंस. माझा शेवटचा जय भीम घे.

सुजाता, बाबा घरी याबद्दल काय म्हणायचे ते मला कळव, बाई. जे असेल ते. पण लवकर कळव, माझंही वय झालंय.