देवगावात इंग्रज कुठून आला?

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थिसिसचं पान एकशे बारा उघडलं.

व्हायव्हा चालू होता, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. सविता माझी विद्यार्थिनी, मी तिचा गाईड. ती देवगाव रंगारीची. एका कॉलेजात तासिकेवर शिकवायची. जूनच्या आत पीएच.डी. झाली तर कायम, नाहीतर घरी. विषय असा : युरोपियनांनी जिथं राज्य केलं, तिथले लेखक पुढं काय लिहू लागले आणि कुणाच्या भाषेत. आफ्रिकेतल्या कादंबऱ्यांशेजारी तिनं मराठवाड्यातल्या कादंबऱ्या ठेवल्या होत्या.

परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही लिहिलंय, आजोबांच्या पिढीला इंग्रजांच्या शाळेनं घडवलं. देवगावात इंग्रजांची शाळा होती?"

सविता आपल्या प्रतीत ते पान शोधू लागली.

अरे देवा! इथं राज्य निजामाचं, शाळा उर्दू. पोलीस ॲक्शननंतर मराठी आली. इंग्रज होता तो शहरातल्या छावणीत. हे शेंबडं पोरही सांगेल. मग वाक्य कुठून आलं? माझ्या नोट्समधून! एका विलायती पुस्तकावरून मी ते माझ्याच थिसिसात उतरवलं होतं आणि वीस वर्षं वर्गात डिक्टेट करत होतो.

व्हायव्हात गाईडनं तोंड उघडायचं नसतं. खरं सांगतो, तिच्यापेक्षा मला माझीच भीती जास्त वाटत होती. माझी पदवी, माझी गाईडशिप, सगळं त्या एका ओळीवर लटकलेलं.

"नाय सर, शाळा उर्दूच व्हती," सविता म्हणाली. घाबरली की ती गावाकडचं बोलते. "आजोबा अजून उर्दूत सही करत्यात."

"मग असं का लिहिलंत?"

तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "चूक माझी हाय."

आता मात्र मला लाज वाटली. उठून म्हणालो, "सर, ते वाक्य माझं आहे. मीच लिहून दिलं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "बसा सर. प्रकरण तिसरं नव्यानं लिहायचं. तीन महिने."

म्हणजे जूनची मुदत हुकली. बाहेर व्हरांड्यात मी तिच्यावरच डाफरलो, "अगं, तुला ठाऊक होतं ना? मग बोलली का नाहीस?"

"तुमी सांगितलं व्हतं ना सर. मला वाटलं, आजोबालाच नीट आठवत नसंल."

पदवी सप्टेंबरात मिळाली, पण ती जागा दुसऱ्यानं नेली. मी नोट्स डिक्टेट करणं सोडलं. नवा विद्यार्थी आला की आधी घरी पाठवतो, म्हाताऱ्या माणसांना विचारून ये म्हणून. पुस्तकं नंतर.